कात्रजचा घाट, नाकातून

आमच्या घरी गजराचं घड्याळ नाही. सकाळी सहाला मी शिंकायला लागतो. सातव्या शिंकेला खालच्या मजल्यावरचे काका गॅस पेटवतात. बाहेर पडताना शिंक आली की आई म्हणते, "थांब, पाणी पिऊन जा." तिचं दरवेळी ऐकलं असतं तर मी आजवर कात्रज चौक ओलांडला नसता. तसाही तो लवकर ओलांडता येत नाहीच.

डॉक्टर म्हणाले, "मास्ट सेल." मी ऐकलं "मस्त." नाव ठेवणाऱ्याचीही अशीच फसगत झाली होती. पॉल एर्लिश या जर्मन विद्यार्थ्यानं 1878 साली रंग चढवून या पेशी पाहिल्या, तर त्या दाण्यांनी गच्च भरलेल्या. त्याला वाटलं, खाऊनपिऊन सुखी दिसताहेत. म्हणून जनावर पोसून लठ्ठ करण्याचा जर्मन शब्द 'मास्ट' त्यानं त्यांना चिकटवला. ते दाणे म्हणजे जेवण नव्हे, दारूगोळा. हिस्टामिन त्यातलंच. ते सुटलं की रक्तवाहिन्या पाझरतात, नाक गळतं. हेच कातडीत झालं की आपण 'अंगावर पित्त उठलं' म्हणतो आणि आमसुलाचं पाणी चोळतो. पित्ताशयाला याचा पत्ताही नसतो.

या दारूगोळ्याला बत्ती लावणारं प्रतिपिंड, आयजीई, 1966 साली किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी जोडप्यानं शोधलं. त्यासाठी स्वतःचीच कातडी टोचून घेतली. आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना नुसतं बोलून टोचतात, त्यातून काही शोध लागत नाही.

1663 साली शाहिस्तेखानावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मराठ्यांनी मोगलांच्या फौजेला कात्रजच्या घाटात चकवलं, असं सांगतात. माझ्या नाकातली फौज रोज सकाळी तशीच निघते. समोर गनीम नसतोच. असतात गाजरगवताचे परागकण. ते बिचारे दुसऱ्या फुलाकडे निघालेले, वाटेत माझं नाक लागलं एवढंच. या गवताची नोंद 1955 साली पुण्यात झाली. अमेरिकेच्या पीएल-480 गव्हाबरोबर ते आलं असं सगळे सांगतात, पण त्या गव्हाचा करार 1956 चा. पुण्यात वेळेआधी हजर झालेलं हे एकच असावं.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. 2006 साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की याच मास्ट पेशी सापाच्या विषाचे घटक मोडणारं एन्झाइम सोडतात. म्हणजे अंगात पराक्रम आहे! घरापासून सर्पोद्यान चालत पंधरा मिनिटांवर, आणि आमचे वीर तलवार उपसतात ती फुलांवर.

रात्री मी सेट्रिझिन घेतो. ही गोळी दारूगोळा फुटायचा थांबवत नाही. हिस्टामिन जिथं जाऊन बसणार ती जागा आधीच अडवते. कात्रज-स्वारगेट बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून अडवतात तशी. रुमाल काढला की पुन्हा गर्दी.

तेव्हा समोरच्या रिकाम्या प्लॉटवरचं गाजरगवत फुलावर यायच्या आत मुळासकट उपटायचं ठरवलंय. रविवारी सकाळी सात वाजता. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून या, त्या गवतानं कातडीवरही चट्टे उठतात. चहा आमच्याकडे.