मा. सामंजस्य करार साहेब यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. सामंजस्य करार साहेब,
मुक्काम : आयुक्तांच्या दालनाबाहेरचं काचेचं कपाट, शाली आणि स्मृतिचिन्हं यांच्या मधला कप्पा.

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपलं चौथ्यांदा शुभागमन झाल्याची बातमी फोटोसकट वाचली. डावीकडे महापालिका, उजवीकडे विद्यापीठ आणि मध्ये निळ्या मखमली फोल्डरात आपण. मागच्या फ्लेक्सवर ‘माहिती प्रणालीद्वारे शाश्वत नगरनियोजन’ असं लिहिलेलं दिसलं. गेल्या खेपेला त्या जागी ‘स्मार्ट’ होतं, त्याच्या आधी ‘ई’ आणि अगदी पहिल्यांदा नुसतंच ‘संगणकीकृत’. फोल्डर मात्र दर वेळी निळाच. एकाच वधूवरांचा चौथा साखरपुडा म्हटल्यावर मांडवातल्या मंडळींना जे वाटतं, तेच वाटून हे पत्र लिहायला बसलो. लग्नाची तारीख विचारण्याचा उद्धटपणा करणार नाही.

मी नगररचना विभागात 31 वर्षं आरेखक होतो. साहेब लोक ‘ट्रेसर’ म्हणायचे. ट्रेसिंग क्लॉथवर शाईनं रेघ ओढायची, चुकली तर ब्लेडनं अलगद खरवडायची आणि अमोनिया प्रिंटच्या वासानं डोळे चोळत घरी जायचं. आमच्या काळात चूक खरवडली की क्लॉथवर डाग राहायचा. कुणी, केव्हा, काय बदललं, हे उजेडाला धरलं की दिसायचं. आता फाईलचं नाव ‘फायनल’, मग ‘फायनल नवीन’, मग ‘फायनल नवीन खरं’ असं होत जातं आणि डाग कुठेच सापडत नाही. असो. सांगायचा मुद्दा एवढाच, की आपल्या तिन्ही पूर्वावतारांना मी या हातांनी चहा पाजला आहे.

त्यातला दुसरा अवतार मला अजून आठवतो. बारा विद्यार्थी आले होते. हातात जीपीएस, डोक्यावर टोप्या, ऐन जून महिना. त्यांनी दोन महिन्यांत एका प्रभागाचा असा नकाशा केला, की माझ्या उभ्या नोकरीत तसा मी पाहिला नव्हता. एका थरात घरं, दुसऱ्यात झाडं, तिसऱ्यात गटारं, चौथ्यात जमिनीचा उतार. आणि या सगळ्याखालून एक ओढा जात होता. आमच्या विकास आराखड्यात तो अर्ध्या वाटेत संपत होता. एका आजींनी पोरांना सांगितलं, की रेशन दुकानाच्या ओट्याखालून पाण्याचा आवाज येतो. पोरांनी चेंबरची झाकणं मोजली, मोऱ्या शोधल्या आणि ओढा नदीपर्यंत नेऊन पोचवला. त्यावर किती बांधकामं उभी आहेत, तेही लाल रंगात दाखवलं.

मग सादरीकरण झालं. वातानुकूलित सभागृह, वीस मिनिटं, काजूकतली. शेवटी एका वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारला, “तो हिरवा जरा गडद करता येईल का?” हिरवा गडद झाला. डीव्हीडी आवक नोंदवहीत चढली आणि कपाटात गेली. ती ज्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, त्याचा परवाना मार्चमध्ये संपला. विद्यार्थी पास झाले, प्राध्यापक दुसऱ्या गावी गेले आणि ओढा पुन्हा अर्ध्या वाटेत संपू लागला. तिसऱ्या अवतारात नव्या तुकडीनं तोच ओढा पहिल्यापासून शोधला. तेव्हा रेशन दुकानदार त्यांना म्हणाला, “बसा, चहा घ्या, आता मीच काढून देतो.”

साहेब, यात आपला दोष नाही, दोष घड्याळांचा आहे. पहिलं घड्याळ महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चं. त्यानुसार विकास आराखड्याचा वीस वर्षांतून एकदा तरी फेरविचार व्हावा लागतो. नगरसेवकाचं घड्याळ पाच वर्षांचं. आयुक्तांचं कागदावर तीन वर्षांचं, प्रत्यक्षात बदलीच्या आदेशाएवढं. नियोजनाची पदव्युत्तर पदवी चार सत्रांची. आणि आपण स्वतः सहसा तीन वर्षांचे. आम्ही लग्नपत्रिकेत मुलाच्या नावामागे ‘चि.’ लावतो, तसं आपल्या नावामागे लावायला हात धजत नाही तो म्हणूनच. वीस वर्षांच्या कामाला तीन वर्षांचा माणूस नेमायचा आणि त्यानं दोन वर्षांच्या पोरांकडून ते करून घ्यायचं, असा हा हिशोब आहे.

परवाच्या भाषणात कुणीसं म्हणालं, की शहर आणि विद्यापीठ यांची भागीदारी ही नवी संकल्पना आहे. आपण मखमलीत होता, ऐकू आलं नसेल. पॅट्रिक गेडीस नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्याआधीच ते हिंदुस्थानातल्या गावोगावच्या गल्ल्या पायी तुडवून बसले होते. आधी पाहणी, मग निदान, मग जमेल तेवढी हलकी शस्त्रक्रिया, हा त्यांचा खाक्या. 1914 मध्ये त्यांचं नगररचनेचं अख्खं प्रदर्शन, नकाशे आणि चित्रं सगळं, जहाजातून येताना जर्मनांच्या एम्डेन युद्धनौकेनं बुडवलं. गेडीसांनी पुन्हा साहित्य जमवून 1915 मध्ये मद्रासला प्रदर्शन भरवलं. आमची हार्ड डिस्क बुडायला युद्धनौका लागत नाही, पंखा पुरतो, आणि बुडालेलं पुन्हा जमवायची पद्धत आमच्याकडे नाही.

होळकरांच्या इंदुरात तर गेडीस दिवाळीला एका दिवसाचे महाराज झाले. ज्या गल्ल्या झाडूनपुसून साफ असतील तिथून मिरवणूक जाईल, अशी दवंडी पिटली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिमा. गावानं आपण होऊन केर काढला. 1918 सालच्या त्यांच्या इंदूरच्या अहवालात गटारांबरोबर नियोजित विद्यापीठाचाही विचार आहे. त्या माणसाच्या डोक्यात दोन्ही एकाच नकाशावर होती. आपल्याकडे विद्यापीठ आणि गटार एकत्र येतात ते पावसाळ्यात, मुख्य प्रवेशद्वारापाशी.

पुण्याचंच पाहा. 1930 साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली 1936-37 मध्ये पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. ना लॅपटॉप, ना उपग्रह. अन्वेषक घरी जाऊन विचारायचे : किती माणसं, किती खोल्या, कोण काय कमावतं. पहिला भाग 1945 मध्ये छापून आला, दुसरा 1952 मध्ये. म्हणजे कामाला वेळ लागला, हे उघड आहे. आपल्यासारख्या त्रैवार्षिक व्यक्तिमत्त्वाला ते परवडलं नसतं. मला त्यातली भावते ती पुढची गोष्ट. 1950 नंतरच्या दशकात संस्थेची माणसं पुन्हा त्याच शहराचं दार वाजवायला गेली. मधल्या काळात युद्ध होऊन गेलं, फाळणी झाली, निर्वासित आले. पुणेकरांचे रोजगार आणि मिळकत कशी बदलली, हे सोवनी, आपटे आणि पेंडसे यांनी पाहिलं आणि 1956 मध्ये ती फेरपाहणी पुस्तकरूपानं आली. आपल्या तीन अवतारांत ‘फेरपाहणी’ हा शब्द मी एकदाही पाहिलेला नाही. ‘प्रसिद्धी’ हा पाच कलमांत आहे.

फार लांबचं उदाहरण दिलं तर आपण परदेश दौरा मागाल, म्हणून थोडक्यात सांगतो. अमेरिकेत पिट्सबर्ग शहर आणि तिथली काउंटी यांची माहिती 2015 पासून पिट्सबर्ग विद्यापीठाच्या एका केंद्रात सांभाळली जाते. कुणीही पाहावी, उतरवून घ्यावी. त्यात कुत्र्यांच्या परवान्यांची यादीसुद्धा आहे. महापौर बदलला की कुत्री नाहीशी होत नाहीत.

आणि जवळचं हवं असेल तर मुंबई. 2012 मध्ये ‘विद्यमान जमीन वापर’ नकाशा बाहेर आला, तेव्हाच नागरिकांच्या संस्थांनी चुका दाखवायला सुरुवात केली होती. 2015 मध्ये विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं, त्यावर इतका गहजब झाला की मुख्यमंत्र्यांनी ते नव्यानं दुरुस्त करायला लावलं. आराखडा मंजूर झाला 2018 मध्ये. खालचा थर कच्चा असला की वरचा कितीही रंगवा, ब्लेडनं खरवडावंच लागतं.

आपले वकील म्हणतील, की नकाशे गोपनीय असतात. तीही सबब राहिली नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारनं नकाशे आणि भूस्थानिक माहिती यांवरची बरीचशी बंधनं उठवली. तेव्हापासून आमच्या विभागात ‘गोपनीय’च्या जागी ‘फॉरमॅट वेगळा आहे’ हे उत्तर रूढ झालं.

वेगळा तो असतोच, हेही प्रामाणिकपणे सांगतो. सिटी सर्व्हेची शीट आणि उपग्रहाचं चित्र एकमेकांवर ठेवलं, की मारुतीचं देऊळ रस्त्याच्या मधोमध येतं. चूक शीटची म्हणावी तर अख्ख्या पेठेच्या हद्दी कोर्टात. चूक उपग्रहाची म्हणावी तर तो ऐकायला खाली येत नाही. म्हणून दोन्ही बरोबर, असं टिपण ठेवलं जातं आणि मारुती जिथे होता तिथेच तेल पीत उभा राहतो. हा गुंता सोडवायला खरोखर विद्यापीठ लागतं. त्याला दोन महिने पुरत नाहीत, आणि त्याचा फोटोही चांगला येत नाही.

आता माझी एकच मागणी. नकाशा शिळा होतो तो आमच्याच खिडकीवर, रोज सकाळी साडेदहापासून. बांधकाम परवानगी दिली, नकाशा बदलला. भोगवटा प्रमाणपत्र दिलं, पुन्हा बदलला. पाणीवाल्यांनी जलवाहिनी सरकवली, पथ विभागानं रस्ता उंच केला, नळजोड दिला, झाड पाडायला परवानगी दिली. हे सगळं आमच्याच शिक्क्यानं होतं. प्रत्येक शिक्क्याबरोबर नकाशावर एक टिंब पडलं असतं, तर बारा पोरांना उन्हात हिंडवावं लागलं नसतं; ती त्या टिंबांचा अर्थ लावत बसली असती, जे त्यांचं खरं काम आहे. तेव्हा आपल्यात एक कलम वाढवून घ्या : खिडकीवरच्या एका कायम लिपिकाला विद्यापीठ शिकवेल, महापालिका त्याला त्याच खुर्चीवर ठेवेल आणि निवडणुकीच्या कामाला जुंपणार नाही. शाल नको, श्रीफळ नको. त्याला एक चालू संगणक द्या.

हे कलम मान्य होणार नाही, याची कल्पना आहे. लिपिकाच्या पदाला शासनाची मंजुरी लागते. आपल्याला फक्त पुष्पगुच्छ लागतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबील ओढा घरांमध्ये शिरला, तेव्हा त्यानं कुणाचा करार वाचला नव्हता. आमचा रेशन दुकानाखालचा ओढा त्या मानानं सोशिक आहे. अजून तरी नुसता आवाज करतो.

आपल्याला उर्वरित दोन वर्षं अकरा महिन्यांचं आयुष्य सुखाचं जावो.

आपला नम्र,
एक निवृत्त आरेखक

ता. क. : मी निवृत्त झालो त्या आठवड्यात कपाट रिकामं करून भंगारात काढलं. त्यात दुसऱ्या अवताराची डीव्हीडी होती. भंगारवाल्याला पाच रुपये देऊन मी ती घरी आणली आहे. ओढा तिच्यात आहे, नदीपर्यंत. नवी तुकडी आली की माझ्याकडे पाठवा, पण अकराच्या आत. दुपारी मी झोपतो. डीव्हीडी लावायचं यंत्र त्यांनीच आणावं, आमच्याकडचं बिघडलं आहे.