७८ किलोच्या पुढे

जून २०२५मध्ये बुडापेस्टला दक्षिण कोरियाची किम हा-युन ज्युदोची जगज्जेती झाली. गट ७८ किलोच्या पुढचा. त्यात वजनाला वरची मर्यादाच नाही. अंतिम फेरीत तिने जपानच्या माओ अराईला हरवलं. महिलांच्या सर्वांत वरच्या वजनगटात कोरियाला जगज्जेतेपद मिळालं ते १९९१च्या मून जी-युननंतर, तब्बल ३४ वर्षांनी.

त्याआधी २०२३च्या हांगझोऊ एशियाडमध्ये कोरियाला ज्युदोत एकच सुवर्ण मिळालं, तेही हिचंच. पॅरिस ऑलिंपिकला उपांत्यपूर्व फेरीत ती ब्राझीलच्या बेआत्रिझ सूझाकडून हरली. सूझाने पुढे सुवर्ण नेलं. किम रडत बसली नाही. त्याच दिवशी पुन्हा मॅटवर उतरली आणि कांस्य घेऊनच बाहेर आली.

आपली तुलिका मान त्याच दिवशी, त्याच गटात २८ सेकंदांत हरली. लोकांनी तेवढे २८ सेकंद लक्षात ठेवले. समोर क्यूबाची इदालिस ओर्तिझ होती, चार ऑलिंपिकमध्ये पदकं घेतलेली बाई. पॅरिसला भारताकडून ज्युदोत गेलेली तुलिका एकटीच होती, आणि दुखणं नेमकं तिथेच आहे. वजनदार मुलीला सरावाला तोलामोलाची जोडीदार लागते. पन्नास किलोच्या मैत्रिणीला रोज उचलून आपटल्याने नव्वद किलोची बाई कशी ढळवायची हे कळत नाही. समोरचीचा तोल आधी मोडायचा, मग फेकायचं, हा या खेळाचा गाभा. तो अंगात मुरायला समोर तेवढंच वजन उभं हवं.

कोरियात हे वजन नगरपालिका उभं करते. किम आन्सान नगरपालिकेच्या संघाची. आन्सान म्हणजे सोलजवळचं कारखान्यांचं शहर. तिथल्या नगरपालिका खेळाडूंना पगार देतात, प्रशिक्षक नेमतात. आपलं खोपोलीही कारखान्यांचंच गाव. नगरपरिषद खोपोलीला आहे, कर्जतलाही आहे. मग मुलींसाठी एक मॅट टाकायला काय हरकत आहे?

मुली नाहीत असं कुणी सांगू नये. आमच्या शाळांच्या रस्सीखेचीत शेवटी कोण असते ते बघा. दोर कमरेला, टाचा मातीत रुतलेल्या, समोरचे आठ जण ओढताहेत आणि ही जागची हलत नाही. सामना तीच जिंकून देते आणि संध्याकाळी घरी तिलाच ऐकवतात, "जरा खाणं आवर, उद्या लग्न कसं जमायचं?" त्याच घरात लावणीला चिखलात दिवसभर वाकायला आणि चढावरून मोळी आणायला मात्र तिचीच ताकद लागते. मला याचा मनापासून संताप येतो. या मुलीत खोट काहीही नाही. तिला तिचा गट कुणी दाखवलेला नाही, एवढंच.

गट तर आहेत. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत ज्युदो आहे, तोही वजनगटांसह. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. सांगलीला २०२३मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा झाली, प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. तिच्याशी अंतिम फेरीत भिडलेली वैष्णवी पाटील कल्याणची, म्हणजे आपल्याच लोकलच्या लाइनवरची. तेव्हा ताकदीचे खेळ कोल्हापूर-सांगलीकडचे, हे पालुपद आता पुरे.

पीटीच्या सरांनी येत्या सत्रात खोपोली-कर्जत भागातल्या अशा पाच-सहा मुली शोधाव्यात. एका शाळेत एकच सापडली तरी चालेल, पण त्या आठवड्यातून तीन दिवस एकत्र यायला हव्यात; एकटीने हे होत नाही. मॅट खोपोलीत टाका. कर्जत, पळसदरी, केळवली, डोळवलीच्या मुली लोकलने येतील. वर्गाची वेळ तेवढी गाडी बघून ठरवा, कारण खोपोलीची एक गाडी चुकली की पुढची लवकर नसते, आणि उशिरा घरी पोचलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी कुणी पाठवत नाही.