शूऽऽ! बाई टीव्ही बघतायत

2003 साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात एका ग्रंथपालबाईंची प्लास्टिकची बाहुली बाजारात आली. नॅन्सी पर्ल या खऱ्याखुऱ्या, नामांकित ग्रंथपाल. बाहुलीच्या पाठीवरचं बटण दाबलं की तिचा हात उचलला जायचा आणि बोट थेट ओठांवर. यावरून ग्रंथपालांमध्येच जुंपली. काहींना तो बहुमान वाटला, काहींना टवाळी. बाहुली मात्र धडाक्यात खपली.

आपल्याकडे अशी बाहुली काढायची तर कारखानदाराला जरा जास्तीची यंत्रणा बसवावी लागेल. एका हातात तारखेचा शिक्का, दुसऱ्यात कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा, मान वाकडी करून खांद्यावर धरलेला मोबाइल, आणि बटण दाबलं की आवाज, ‘‘मागची वर्गणी राहिलीय हं तुमची.’’ ओठांवर बोट ठेवायला तिसरा हात लागेल. ते पद मंजूर नाही.

या सदरातल्या बाई कुणी एक नव्हेत. कुठल्याही तालुक्याच्या गावात एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर, खाली दुकानगाळे आणि वर वाचनालय अशा इमारतीत त्या सापडतात. वाचनालयाचा सरकारी वर्ग ‘ब’. बाईंना सिनेमाचा नाद आहे. ‘सीआयडी’चे जुने भाग त्यांना तोंडपाठ आहेत, हिंदीत डब केलेले इंग्रजी सिनेमे त्या जेवताना बघतात आणि अलीकडे मुलीच्या मोबाइलवर त्यांना कोरियन मालिकांचंही वेड लागलंय. कार्यकारिणीच्या कानावर हे आहे. ग्रंथपालाने फावल्या वेळात ‘ज्ञानेश्वरी’ वाचावी, निदान हातात तरी धरावी, असं अध्यक्षांचं मत आहे.

सिनेमावाल्यांनी ग्रंथपालांचं काय केलंय, याचा बाईंइतका अभ्यास तालुक्यात कुणाचा नसेल. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा 1946 चा सिनेमा घ्या. नायक जन्मालाच आला नसता तर काय झालं असतं, हे त्यात एक देवदूत त्याला दाखवतो. गावाची रया गेलेली, भाऊ लहानपणीच वारलेला, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे बायको बिनलग्नाची राहून ग्रंथपाल झालेली! बाईंचं लग्न होऊन वीसेक वर्षं झाली, तरी हा प्रसंग आला की त्या वाहिनी बदलतात. ‘द ममी’ (1999) त्यांचा लाडका. नायिका ग्रंथपाल, आणि ते ती छाती ठोकून सांगते. पण सुरुवातीलाच ती शिडीवरून तोल जाऊन एक कपाट पाडते, त्याच्या धक्क्याने दुसरं, दुसऱ्याच्या धक्क्याने तिसरं, अशी सगळीच्या सगळी कपाटं लोळण घेतात. घरातले सगळे हसतात. बाई मनातल्या मनात दाखल क्रमांकानुसार ती पुस्तकं पुन्हा लावू लागतात आणि पुढचा अर्धा तास ममी कुठे गेली याचा त्यांना पत्ता नसतो.

बॅटगर्लचं प्रकरण निराळं. 1967 मध्ये आलेली ही बार्बरा गॉर्डन दिवसा गॉथमच्या ग्रंथालयात काम करते आणि रात्री मोटारसायकलवरून गुंडांच्या मागे लागते. बाईंना यात एकच गोष्ट खोटी वाटते, ती म्हणजे मोटारसायकल. तिचा हप्ता कुठून जातो, हे कुणी दाखवत नाही. कासानोव्हासारखा जगप्रसिद्ध रंगेल गडी आयुष्याची शेवटची तेरा वर्षं बोहेमियात एका सरदाराचा ग्रंथपाल होता, हीही खरी गोष्ट. पण सिनेमे निघाले ते त्याआधीच्या उचापतींवर. कॅटलॉग करणारा कासानोव्हा कोण बघणार?

हप्त्याचा विषय निघालाच आहे तर तो उरकून घेऊ. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करण्यात आपण कुणाला हार जाणारे नाही. कोल्हापूर संस्थानाने 1945 सालीच देशातला असा पहिला कायदा केला; पुढे 1967 मध्ये महाराष्ट्राचा आला. अ, ब, क, ड असे वर्ग पडले, वर्गाप्रमाणे अनुदान ठरलं. कायदा एकदम आला, अनुदान तेवढं हप्त्याहप्त्याने येतं. ‘ड’ वर्गाला कैक वर्षं सालाचे 30,000 रुपये मिळत. त्यातला निम्मा वाटा पगाराचा, म्हणजे ग्रंथपालाला महिन्याचे साडेबाराशे. 2022 मध्ये सरकारने सढळ हाताने 60 टक्के वाढ दिली. टक्केवारी ऐकून सत्कार झाले, पेढे वाटले गेले. मग कुणीतरी गणित मांडलं आणि साडेबाराशेचे दोन हजार झाले. गॉथमच्या गुंडांनी निश्चिंत झोपावं.

या पगाराच्या बदल्यात सरकारला रजिस्टरं हवी असतात. दाखल रजिस्टर, देवघेव रजिस्टर, सभासदांचं, वर्गणीचं, अनामतीचं, नियतकालिकांचं, रोजकीर्द, खतावणी, आणि पंखे-खुर्च्या-तसबिरी यांचं डेडस्टॉक रजिस्टर. तपासणीला साहेब येतात तेव्हा ही सगळी टेबलावर ओळीने मांडलेली असतात, शेजारी पोहे. पुस्तकं किती, याची बेरीज होते. त्यातली किती वाचली गेली, हेही आकड्यात दिसतं. पण वाचकाला आपल्याला काय हवंय हेच ठाऊक नसताना बाईंनी ते कसं हुडकून दिलं, याला रकाना नाही. आणि खरं काम तर तेच आहे.

कारण वाचक पुस्तकाचं नाव सांगत नाही. तो म्हणतो, ‘‘रणवीर सिंगचं ते द्या.’’ बाई न हसता ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ काढून देतात. कादंबरी 1972 ची, तिच्यावरचा ‘बाजीराव मस्तानी’ 2015 चा. ‘‘स्वप्नील जोशीचं, कॉलेजचं, कट्ट्यावरचं’’ म्हणजे सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’. शिवाजी सावंतांची ‘छावा’ 1979 पासून कपाटात आपल्या मानाने उभी होती. फेब्रुवारी 2025 मध्ये सिनेमा आला आणि ज्यांनी शाळेनंतर पुस्तकाला हात लावला नव्हता, असे दणकट तरुण वर्गणी भरायला रांगेत उभे राहिले. एकाने चौकशी केली, ‘‘यात शेवट तोच आहे का?’’ बाई म्हणाल्या, ‘‘इतिहास आहे रे बाबा, बदलता येत नाही.’’

या कामाला ग्रंथपालन प्रमाणपत्र परीक्षेचा काडीचाही उपयोग होत नाही. त्या परीक्षेत बाई मेल्विल ड्यूईची 1876 ची दशांश पद्धत शिकल्या. सगळ्या जगाचं ज्ञान दहा घरांत. फलज्योतिष 133 मध्ये, स्वयंपाक 641 मध्ये, व्यंगचित्रं आणि कॉमिक्स 741 मध्ये, सिनेमा 791 मध्ये, क्रिकेट 796 मध्ये. धर्माच्या शंभर आकड्यांतले बहुतेक ड्यूईसाहेबांनी ख्रिस्ती धर्माला देऊन टाकले आणि उरलेल्या जगाला 290 च्या खोलीत दाटीवाटीने बसवलं. तिथल्या एका कोपऱ्यात, दशांश चिन्हाच्या पलीकडे, तेहतीस कोटी देव. बाईंच्या वाचनालयात ही पद्धत कागदावर आहे. कपाटांवर पाट्या आहेत त्या अशा: कादंबरी, कथा, चरित्र, संतवाङ्मय, बाल, इतर. ‘इतर’मध्ये बाकीचं विश्व आहे.

‘तुंबाड’ने मात्र बाईंची परीक्षाच पाहिली. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा 2018 चा; 2024 च्या सप्टेंबरात तो पुन्हा थिएटरांत लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला. नाव सुचलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, गोष्टीची बीजं नारायण धारपांकडची. हा घोळ समजून न घेता वरच्या अभ्यासिकेतला एक मुलगा खाली आला. या अभ्यासिकेविषयी दोन शब्द सांगायला हवेत. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सातला येतात, स्वतःची पुस्तकं आणतात, वाचनालयाचा पंखा आणि चार्जिंगचा सॉकेट वापरतात आणि रात्री जातात. वाचनालयाच्या एकाही पुस्तकाला त्यांचा स्पर्श होत नाही. तर असा तो मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, तुंबाडचं पुस्तक आहे?’’

‘‘खोतांचं की हस्तरचं?’’

‘‘तुंबाडचंच. ओरिजनल.’’

बाईंनी समजावून पाहिलं, की बाळा, ही कोकणातल्या एका घराण्याची चार पिढ्यांची कहाणी आहे. जगबुडी नदी आहे, खोती आहे, भाऊबंदकी आहे, पण सिनेमातला, आडात सोनं घेऊन लपलेला हस्तर राक्षस नाही. तुला हवी ती भीती धारपांच्या कपाटात आहे. मुलाला वाटलं, बाई चांगलं ते लपवतायत. दोन जाडजूड खंडांतला पहिला तो घेऊन गेला. मुदत संपली, फोन झाला, दुसरा फोन झाला. अखेर तो उगवला तेव्हा चेहरा फसवणूक झाल्यासारखा. ‘‘मॅडम, सोनं कुठल्या पानावर आहे?’’ दंड भरताना तो बराच वेळ कुरकुरत होता. तेवढ्यात त्याने दुसरा खंडही मागितला. बाईंनी तो दिला आणि वर धारपांचं एक पुस्तक नियम मोडून जास्तीचं दिलं.

धारपांच्या पुस्तकांची अवस्था बघण्यासारखी आहे. कोपरे झिजलेले, पानांना चहाचा वास, बाइंडिंग तीनदा केलेलं. बाबुराव अर्नाळकरांची जी काही शिल्लक आहेत ती तर नुसत्या दोऱ्याच्या भरवशावर उभी आहेत. झुंजार, काळापहाड अशा नायकांच्या हजाराहून अधिक कथा लिहिणाऱ्या या माणसाने मराठी वाचकांच्या पिढ्या वाचनाला लावल्या, आणि वाचनालयाच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेत त्याचं नाव एकदाही येत नाही. तिथे फोटो आहेत ते देणगीदारांचे.

रहस्यकथांच्या समासात एक वेगळंच वाङ्मय नांदतं. चाळिसाव्या पानाशेजारी पेन्सिलने लिहिलेलं असतं, ‘खुनी डॉक्टर आहे’. खाली दुसऱ्या अक्षरात, ‘गाढवा, सांगितलंस कशाला?’ त्याखाली तिसऱ्याने शाईने, ‘डॉक्टर नाही. शेवटपर्यंत वाचा’. बाई असल्या पुस्तकांवरचं लिखाण खोडत नाहीत. उलट पहिल्या माणसाचं हस्ताक्षर त्यांनी ‘सीआयडी’च्या शिस्तीने सभासदांच्या अर्जांशी ताडून पाहिलं. गुन्हेगार सापडला. तो आता उपाध्यक्ष आहे आणि ‘वाचनसंस्कृतीचा ऱ्हास’ या विषयावर बोलतो.

इंद्रजाल कॉमिक्सची गोष्ट अशीच. टाइम्स समूहाने 1964 पासून ती काढली. वेताळ मराठीतही बोलू लागला आणि पोरं वाचनालयाच्या पायऱ्यांवर डोक्याला डोकं लावून बसू लागली. 1990 मध्ये ती बंद पडली. त्यानंतर कधीतरी, ‘फाटके व निरुपयोगी साहित्य’ या शीर्षाखाली, एकमताने ठराव होऊन सगळा गठ्ठा रद्दीत गेला. आज संग्राहक एकेका अंकासाठी खिसा रिकामा करतात. त्याच ठरावाने जपून ठेवलेले जुने सरकारी अहवाल डांबरगोळ्यांच्या बंदोबस्तात सुखरूप आहेत. वाळवीसुद्धा तिकडे फिरकत नाही.

दिवाळी अंकांच्या दिवसांत बाईंना श्वास घ्यायला फुरसत नसते. त्याची वर्गणी वेगळी, यादी वेगळी, भांडणं वेगळी. ‘मौज’ कुणाला पहिल्यांदा मिळाला यावर सेवानिवृत्त प्राध्यापकांत अबोला होतो, आणि महिनाभराने तो अंक कोराकरकरीत परत येतो. ‘आवाज’मधल्या खिडकीचित्रांच्या खिडक्या मात्र पहिल्याच आठवड्यात बिजागऱ्या तुटून लोंबू लागतात. ‘धनंजय’ तर घरातून घरात परस्पर फिरतो. वाचनालयात तो येतो तो थेट शिमग्याला.

12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो. डॉ. शि. रा. रंगनाथन यांची जयंती. हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत इतके कंटाळले, की परत शिकवायला पाठवा म्हणून मागे लागले. विद्यापीठाने त्यांना आधी लंडनला धाडलं, तिथे त्यांचं मन पालटलं आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतला पहिलाच असा, की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. आपल्याकडे या दिवशी कुलूपबंद काचेच्या कपाटासमोर टेबल मांडून तसबिरीला हार घालतात. खुर्च्या बाई लावतात, चहा बाई सांगतात, माइक बाई तपासतात, आभारही बाईच मानतात. ग्रंथपालाने समाजाला थिल्लर करमणुकीपासून कसं दूर न्यावं, यावर प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलतात. पाहुण्यांचं सभासदत्व कधीचंच बंद पडलंय. त्यांच्याकडे वाचनालयाचं ‘पार्टनर’ अडकलंय.

यंदा कार्यक्रमानंतर लगेच खरेदी समितीची बैठक झाली. बाईंनी यादी दिली: ‘छावा’च्या आणखी तीन प्रती, धारपांची न मिळणारी चार पुस्तकं, मुलं मागतात म्हणून थोडी जपानी माँगा.

‘‘छावा आहे ना आपल्याकडे?’’ अध्यक्ष म्हणाले.

‘‘आहे. बाइंडरकडे आहे.’’

‘‘मग आली की द्या. माँगा म्हणजे काय?’’

‘‘चित्रांची पुस्तकं. उजवीकडून डावीकडे वाचतात.’’

बैठकीत गंभीर शांतता पसरली. उजवीकडून डावीकडे वाचण्याला निधी देता येतो का, यावर खजिनदारांनी लेखापरीक्षकांचं मत घेण्याची सूचना केली. मग अध्यक्षांच्या व्याह्यांचं आत्मचरित्र, स्वखर्चाने छापलेलं, पुठ्ठा बांधणी, सोनेरी अक्षरं, पाच प्रती घ्याव्यात असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

पुढच्या आठवड्यात गठ्ठा आला. त्याची नोंद दाखल रजिस्टरात करायची की डेडस्टॉकमध्ये, असं बाईंनी शिपाईमामांना विचारलं. मामांनी पाचही पुस्तकं हातात तोलून पाहिली आणि पंख्यांचं रजिस्टर पुढे सरकवलं.