अण्णा, धूर निघाला!

न्यू जर्सी,
रविवार, दुपार

ती. अण्णा व ती. सौ. आईस,


मागे एकदा फोनवर तुम्ही विचारलंत, "भंगाराला किती डॉलर मोजलेस?" आणि मी म्हणालो, आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता. तुमची सून शेजारी उभी होती. म्हणून हे पत्र. आकडा मात्र यातही लिहीत नाही, कारण पाकिटावर तिकीट तीच लावणार आहे.

तर ते भंगार म्हणजे लायोनेलचं खेळण्यातलं इंजिन, नंबर ६७१, दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचचं. गल्लीच्या टोकाच्या घरातलं जुनं सामान अंगणात विकायला मांडलं होतं, त्यात दिसलं. लायोनेलचा कारखाना इथल्याच अर्व्हिंग्टनला होता, म्हणजे कुंडलच्या माळ्यावर किर्लोस्करांचा नांगर सापडावा तसं झालं. ओतीव धातूचं, उचलताना मनगट भरून येतं. चाकं वीस. पेनसिल्व्हेनिया रेलरोडनं १९४४ साली एकच टर्बाइन इंजिन बांधून घेतलं होतं, त्याची ही नक्कल. गंमत म्हणजे टर्बाइन असल्यामुळे त्या खऱ्या इंजिनाला भकभक नव्हतीच, वाफ सलग जायची. खेळण्याला मात्र भकभक दिलेली. तुम्हाला हे पटणार नाही. मलाही पटलं नव्हतं, पण तोवर पैसे देऊन झाले होते.

रुळावर झकास पळालं. धूर मात्र शून्य. आणि आमच्या घरात धूर न करणारी ही एकमेव वस्तू! आईची कांदा-लसूण चटणी तेलात पडली, की छतावरचा धुराचा भोंगा बोंब ठोकतो. मग चिरंजीव स्टुलावर उभे राहून टॉवेलनं त्याला वारा घालतात.

इंजिन उघडलं. धुराड्याखाली एक डबी, डबीत नायक्रोमची तार, शेजारी बोटाच्या पेराएवढा दट्ट्या. चाकं फिरली की दट्ट्या हलतो आणि डबीत हवा ढकलतो, म्हणून चाकांच्या तालावर धुराचे भपके. १९४६ साली, पहिल्या वर्षी, तारही नव्हती. पुढच्या दिव्याच्या काचेलाच खळगा होता, त्यात गोळी वितळायची. पुढच्या वर्षी तार आली, पण धुराड्यात टाकायच्या त्या गोळ्याच. माझ्या डबीत त्या गोळ्यांचा चुन्यासारखा थर बसला होता आणि दट्ट्या जुन्या ग्रीसमध्ये रुतलेला. दोन शनिवार तोंडाला फडकं बांधून खरवडलं. तार बदलली, दट्ट्याला तेलाचा एक थेंब दिला, झाकणाखालची फट बुजवली. नाहीतर हवा धुराड्याऐवजी फटीतून पळते.

आता गोळ्यांऐवजी पातळ तेल घालतात. ते धरून ठेवायला तारेभोवती काचतंतूचा बोळा लागतो. तो घरात नव्हता. देवघरात फुलवाती होत्या. आई, रागावू नकोस. कापूस तारेला चिकटला, करपला, आणि घरभर विझलेल्या निरांजनाचा वास. तुमची सून म्हणाली, "आमच्या साताऱ्यात असलं कुणी करत नाही." साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला आणि 'सातारा रोड' नावाचं स्टेशन आणखी तिसरीकडेच, तेव्हा रेल्वेच्या बाबतीत सातारकरांनी जरा बेतानंच बोलावं, असं मी मनात म्हणालो. मनातच.

काचतंतू आला. मग हावरटपणा केला, निम्मी बाटली ओतली. तार बुडाली, धूर बंद. आणि त्या क्षणी अण्णा, मला तुम्ही आठवलात. लोंढ्याच्या मीटर गेजवरून घरी यायचात, वायजी इंजिनाच्या काजळीनं डोळे तेवढे पांढरे, आणि जेवताना सांगायचात की फावडं भरून कोळसा टाकतो तो फायरमन नव्हे. थोडा टाकावा, पसरून टाकावा, पुन्हा टाकावा. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा, सरकारचा पैसा धुराड्यातून गेला. मिरजेला पुलावर उभं राहून मी तिन्ही गेजच्या गाड्या बघायचो. पंढरपूरच्या छोट्या गाडीचा धूर अंगावर आला की डोळ्यात कण जायचा, मग आई पदराचा बोळा फुंकून डोळ्याला लावायची. मला वाटायचं, जितका धूर जास्त तितका ड्रायव्हर मोठा. तुमचा जन्म धूर कमी करण्यात गेला आणि मी इथे डॉलर मोजून धूर वाढवतोय.

तुमच्याच हिशेबानं मग तेल उपसलं आणि मोजून पाच थेंब घातले. गाडी सोफ्याला वळसा घालून आली ती भक्-भक् करत, दर फेरीला ढगांची माळ सोडत. कोरडी चालवायची नाही, बोळा जळतो, म्हणून काही वेळानं पुन्हा तीन थेंब. चिरंजीव टॉवेल घेऊन तयार होते, पण भोंगा गप्प. चटणीपुढे या धुराची त्याला किंमत नाही. वास मात्र पाइनच्या झाडाचा. कोळशाचा नाही, ती हळहळ राहिलीच.

काल फोनवर धूर निघाल्याचं सांगितलं तर तुम्ही एवढंच विचारलंत, "रंग कसला?" मी म्हणालो, पांढरा. "मग बरोबर चाललंय," म्हणालात आणि फोन आईकडे दिलात.

आपला,
बाळू

ता. क. आई, पुढच्या पार्सलमध्ये फुलवाती जास्त घाल. आधीच्या कशा संपल्या, ते सुनेला माहीत आहे. साताऱ्याला कळवू नकोस.