कार्बनशेठ

येवल्याच्या विंचूर चौफुलीवर दुसऱ्याच्या मोटारसायकलीच्या टाकीवर वाकून, नखानं रंग खरवडून बघणारा कुणी दिसला तर तो कार्बनशेठ समजावा. कार्बनचा थर आहे की नुसता स्टिकर, हे तो मालकाला न विचारता सांगतो. मालकानं विचारलेलं नसतंच. संक्रांतीचे तीन दिवस पतंगाची आसारी हातात असते, तेवढाच काय तो हा विषय बंद.

त्याची स्वतःची गाडी आरएक्स १००. कंपनीनं ती १९९६ साली बनवायची थांबवली. शेठचा जन्म त्यानंतरचा, तरी "आपल्या टायमाची गाडी आहे भो" असं तो म्हणतो. पत्र्याची मूळ टाकी अजून ठणठणीत आहे, हीच त्याची अडचण. कार्बन फायबरची घातली की दोनेक किलो वजन उतरेल, पिकअप वाढेल, असं तो पटवून देतो आणि मागं कांद्याची गोणी आवळून अंदरसूलचा रस्ता धरतो.

टाकीची निवड मात्र लग्नाच्या बस्त्यासारखी चालली. मामा हातमागावर पैठणी विणतात, त्यामुळे वीण हा घरचाच विषय. कार्बनचं कापड थ्री के हवं, म्हणजे एका लडीत तीन हजार तंतू, आणि एकेक तंतू केसाहून कितीतरी बारीक. वीण साधी नको, ट्विल हवी: दोन लडींच्या वरून, दोन लडींच्या खालून. टाकीच्या मधोमध दोन्हीकडची वीण मिळून माशाच्या काट्यासारखी उमटली पाहिजे. हे सगळं त्यानं पारखून घेतलं. टाकी आली तेव्हा गल्लीला पेढे वाटले.

मामांनी चष्मा पुसला आणि टाकी मांडीवर घेतली. "सुलट बाजू कोणीबी देखणी करतं. उलटी दाखव."

येवल्यात हे पोरासोरांनाही कळतं. हातमागाची पैठणी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. मागं सुटे धागे लोंबत असले की माल पॉवरलूमचा. शेठनं स्वतः कितीतरी पाहुण्यांचे पैसे असे वाचवलेत. आता टाकीची उलटी बाजू म्हणजे आतली. झाकण काढून बॅटरी मारली, तर आत सगळं पांढरंफटक. वर कार्बनचा एक थर, बाकी काचेच्या धाग्याचं साधं फायबर.

"अस्तर लावलंय," मामा म्हणाले आणि पुन्हा मागावर जाऊन बसले.

"अस्तरानं मजबुती येते," शेठ म्हणाला. त्याला नुकसान मान्य नसतं, फक्त नवं स्पष्टीकरण सुचतं.

मग मिस्तरी. पुढचे रबर बसले तर मागचा बोल्ट येईना, बोल्ट आला तर पेट्रोलचा कॉक बसेना. पत्र्याला डाग देता येतो, कार्बनला येत नाही. कॉकसाठी अ‍ॅल्युमिनियमची चकती टाकी बनवतानाच आत बसवावी लागते. तीही कार्बनला थेट भिडली तर गंजते, म्हणून मध्ये काचेच्या कापडाचा थर लागतो. मिस्तऱ्यानं विचारलं, "शेठ, कानस मारू का थोडी?" शेठनं टाकी छातीशी धरली.

खरी भानगड पेट्रोलची निघाली. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि साध्या इपॉक्सी रेझिनला इथेनॉल सोसत नाही. ते मऊ पडतं, फुगतं, त्याचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन अडकतात. त्यासाठी रेझिनच वेगळं लागतं, नाहीतर आतून खास लेप. नेमकं हेच विचारायचं राहिलं, कारण तेव्हा शेठ माशाचा काटा बघत होता. "कोपरगावकडच्या उसाच्या इथेनॉलनं माझा घात केला," एवढं बोलून त्यानं विषय शेजारच्या तालुक्यावर ढकलला.

सध्या गाडीवर जुनी पत्र्याची टाकी आहे. कार्बनची दिवाणखान्यात, शोकेसमध्ये, गणपती आणि टीव्हीच्या मध्ये. पाहुण्यांना ती हातात देऊन वजन करायला लावतात. हलकी आहेच, पेट्रोल कधी भरलंच नाही.

तरीही कुणाला घ्यायचीच असेल, तर पैसे देण्याआधी झाकण उघडून आत बॅटरी मारा आणि २० टक्के इथेनॉल चालतं असं विकणाऱ्याकडून लिहून घ्या. सल्ल्याला शेठकडे जाणार असाल तर संध्याकाळ मोकळी ठेवून जा.