मुकर्रर, मुकर्रर!

महापालिकेच्या पाटीवर ‘भिवंडी-निजामपूर’ असं जोडनाव आहे. बोलताना मात्र लोक नुसतं भिवंडी म्हणतात. रेल्वेनंही स्टेशनला ‘भिवंडी रोड’ म्हणून विषय मिटवला. निजामपूर उरलं ते सरकारी कागदांवर आणि निजामपुऱ्यात राहणाऱ्यांच्या मनात. आपलं नाव कुणी तरी पूर्ण घ्यावं, अशी हौस या वस्तीला असेल तर तिला दोष कसा द्यायचा?

त्यातून इथला धंदाही बिननावाचा. यंत्रमागावर तासन् तास उभा राहून कारागीर विणतो ते कोरं, ग्रे कापड. रंगायला ते भलतीकडे जातं आणि दुकानात पोचतं तेव्हा त्यावर शिक्का तिसऱ्याचाच. मजुरी मीटरवर, वाहवा शून्य. कुणी केलीच, तरी मागांच्या खडखडाटात ऐकू यायची नाही. विणकरांच्या या शहरात उर्दू शायरीचा शौक मुरला, याचं म्हणूनच मला नवल वाटत नाही. गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, शायर आपलं तखल्लुस, म्हणजे टोपणनाव, गुंफतो आणि ते कुठल्याही व्यापाऱ्याला उसवता येत नाही. कबीरही विणकरच होता. कापडावर नसेल, पण पदात नाव घालायला तो विसरला नाही.

मुशायऱ्यात कौतुकाची भूक चारचौघांत मांडलेली असते. ‘तवज्जो चाहूंगा’ म्हणत शायर ओळ वाचतो, तीच पुन्हा वाचतो, थांबतो, समोर पाहतो. ‘वाह वाह’ आली की कपाळाशी हात नेऊन आदाब. ‘मुकर्रर’ आलं की तोच शेर परत, दुप्पट उत्साहानं. मंचावरचे इतर शायर उदारपणे माना डोलावतात. त्यांचीही पाळी यायची असते ना! वाचायच्या क्रमातही मानापमान. आधी पुकारलं तर कमीपणा, ज्येष्ठांचा मान शेवटी. त्यामुळे कधी कधी सगळ्यांत मोठ्या शायराच्या वाट्याला पेंगणारे चार रसिक आणि सतरंज्या गुंडाळायला आलेली पोरं येतात. नावाचंही तसंच. गालिब आधी ‘असद’ नावानं लिहीत. दुसऱ्या कुणा असदचे भिकार शेर आपल्या नावावर खपू लागले म्हणून त्यांनी तखल्लुस बदललं, असं सांगतात. एवढा मोठा शायर, पण नावाच्या बाबतीत तडजोड नाही!

आपल्या मराठी कवीची तऱ्हा निराळी. ‘मी काही कवी वगैरे नाही हो,’ अशी तो सुरुवात करतो आणि अख्खी वही संपवतो. टाळ्यांकडे आपलं लक्षच नाही असं दाखवतो आणि घरी जाताना बायकोला हळूच विचारतो, ‘ती शेवटची लोकांना कळली नाही का गं?’ आपल्यालाही एके काळी मोकळेपणानं दाद देता येत होती. बालगंधर्वांच्या पदांना इतके वन्समोअर पडत की नाटक रात्रभर चाले. आता आपण ‘छान’ म्हणतो आणि बटाटेवड्याकडे वळतो.

मला उघड मागणारा बरा वाटतो. आत्मप्रेम त्यालाही आहेच, पण तो ते घेऊन लोकांसमोर येतो. फुसक्या शेराला तिथल्या तिथे हुर्यो मिळते. घरातला आरसा कधी हुर्यो करत नाही.

तेव्हा वाचकहो, हा लेख बरा वाटला असेल तर संकोच न करता मोठ्यानं ‘मुकर्रर’ म्हणा. मी पहिल्यापासून पुन्हा वाचून दाखवीन.