एका रात्रीत सहा हजार किलोमीटर

गेल्या साली मार्च संपायला दोन दिवस उरले होते. त्या रात्री मी ओसरीवरून न हलता सहा हजार किलोमीटर फिरून आलो. पेट्रोलचा थेंब लागला नाही. लागली ती तीन पेनं : एक निळं, एक काळं आणि एक मधूनच दगा देणारं. वर्षभर एकाच पेनानं कोण लिहितं? पाचव्या पानावर चहाचा ओघळ मुद्दाम सोडला, वही सगळं वर्ष गाडीतच होती असं दिसावं म्हणून.

"इतक्या रात्री काय लिहायलाव ओ?" आतून आवाज आला.

"प्रवासवर्णन," मी म्हणालो.

खुलासा करतो. मी एका कंपनीचा संचालक आहे. दचकू नका, शिरूर अनंतपाळ तालुक्यात ही आता फार मोठी गोष्ट राहिलेली नाही. २००२ च्या कायदादुरुस्तीनं दहा शेतकऱ्यांना मिळून उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. संचालक किमान पाच हवेत, पंधरापर्यंत चालतात. म्हणजे अगदी किमान हिशेबानं दहा सभासदांत पाच संचालक. निम्मी कंपनी खुर्चीवर, निम्मी सतरंजीवर.

या कंपनीचा मुख्य धंदा सोयाबीन आणि तूर, असं कागदावर आहे. खरा धंदा हेलपाट्यांचा. बारदाना लातूरला, आडत लातूरला, सीए लातूरला. नळेगाव, आष्टामोड करत जायचं आणि बँकेत पोचल्यावर कळतं की साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या. एक 'उद्या या' म्हणजे आणखी एक फेरी. या फेऱ्यांचा खर्च कुणी द्यायचा, एवढाच आजचा प्रश्न. आणि तो मागायचा कसा, हा त्याहून अवघड.

सरकारनं त्याचा विचार केलाय, उगीच बोल लावू नये. दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभ्या करायची केंद्राची योजना २९ फेब्रुवारी २०२० ला सुरू झाली. तारीखही अशी निवडली की वर्धापनदिन चार वर्षांतून एकदाच करावा लागतो. योजनेत एका कंपनीला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत आहे. त्यातून व्यवस्थापकाचा पगार, हिशेबनिसाचा पगार, कार्यालयाचं भाडं भागवायचं, आणि 'प्रवास व बैठका' या नावाखाली वर्षाला जास्तीत जास्त १८ हजार. महिन्याला दीड हजार. त्यातच प्रवास आणि त्यातच बैठकीचा चहा.

आता याच सरकारनं आपल्या स्वतःच्या माणसांसाठी काय धरलं होतं बघा. २०१७ च्या केंद्राच्या आदेशात, जिथं स्थानिक दर ठरलेला नाही तिथं, स्वतःच्या मोटारीला किलोमीटरमागं २४ रुपये होते आणि स्कूटरला १२. हा दर आमच्या दीड हजाराला लावला तर मोटारीनं महिन्यात साडेबासष्ट किलोमीटर होतात. म्हणजे संचालक लातूरला पोचतो. परत कसं यायचं ते त्यानं बघावं. मोटारसायकल काढली तर एकदा जाऊन येतो, दुसऱ्या खेपेला वाटेतच बसतो. आणि हे सगळं बैठकीत चहा बंद केला तर.

तर, वही. आयकराची मागणी तशी साधी आहे. १९६१ च्या कायद्याचं ३७ वं कलम म्हणायचं, खर्च निव्वळ आणि केवळ धंद्यासाठी झालेला हवा. पगारी माणसाच्या गाडीचा खर्च कंपनी सोसत असेल तर नियमांना चार गोष्टींची नोंद हवी असते : तारीख, ठिकाण, अंतर, खर्च. आम्ही पगारी नव्हे, पण सीए आम्हालाही तोच कित्ता गिरवायला देतात. ज्यांच्याकडं नोंद नाही आणि गाडी घरचीही आहे नि कामाचीही, त्यांच्यासाठी नियमांत ठोक आकडे होते, २००९ साली ठरलेले : लहान गाडीला महिना १८०० रुपये, मोठीला २४००, चालक असेल तर त्याचे ९००. आणि दुचाकीचे? तेही ९००. चालक आणि मोटारसायकल आयकरानं एकाच भावात मोजली. आमच्याकडं निदान बैलाचा आणि सालगड्याचा हिशेब वेगळा असायचा.

'निव्वळ आणि केवळ' हे दोन शब्द लिहिणारा माणूस कधी मराठवाड्यात लगीनसराईत फिरलेला दिसत नाही. इथं निव्वळ कामासाठी कुणी कुठं जातच नाही. उदगीरला साडूकडं साखरपुडा असतो, वाटेत बियाणं दुकानदाराला रामराम होतो, आणि वहीत चढतं, 'उदगीर, बियाणं दर चौकशी'. सोयरीक आणि सोयाबीन एकाच फेरीत. टाकीतलं कुठलं पेट्रोल कशासाठी जळलं, ते त्या टाकीलाच ठाऊक.

माझी वही घेऊन सीएंकडं गेलो. त्यांनी आधी पानं चाळली नाहीत, गॅरेजचं बिल मागितलं. सर्व्हिसिंगच्या बिलावर मीटरचा आकडा टिपलेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं. गेल्या वर्षीचा आकडा आणि यंदाचा आकडा यांची वजाबाकी झाली. गाडी वर्षभरात, घरची-दारची सगळी धरून, ५२०० किलोमीटर फिरली होती. मी एकट्या कंपनीसाठी सहा हजार. गाडीपेक्षा आठशे किलोमीटर पुढं गेलेला मी तालुक्यातला पहिलाच संचालक असेन.

मग त्यांचं बोट डिसेंबरच्या पानावर थांबलं. "लातूर आडत बाजार, सोयाबीन भाव चौकशी. या दिवशी?"

"हो."

"या दिवशी येळवस होती."

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, लातूर जिल्ह्यात घरी सापडतो तो एकतर आजारी किंवा परका. झाडून सगळे शेतात, कडब्याच्या खोपीपुढं भज्जी, उंडे आणि आंबिलीच्या बिंदग्याभोवती. बाजाराला शुकशुकाट.

"भाव कुणाला विचारलात?" सीए म्हणाले. "कुलपाला?"

खरी गोष्ट अशी की मी लातूरला गेलो होतो. आदल्या दिवशी. भावही विचारला होता, तो पडलेला होता, म्हणून तर लक्षात राहिला. वहीतल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या मी उन्हातान्हात खरंच केल्या होत्या. पण पंपाच्या पावत्या डॅशबोर्डवर पडून कोऱ्या झाल्या होत्या, तारखा विसरल्या होत्या, आणि एका रात्रीत आठवून लिहिलेलं खरंसुद्धा बनवल्यासारखंच दिसतं. मी तीन पेनांनी लिहिलेलं त्यांनी एका पेनानं खोडलं. खोट्याबरोबर खरंही गेलं.

साहेबाच्या देशात हे त्रांगडं त्यांनी पेन्सात सोडवलंय. २०११ साली तिथल्या करखात्यानं दर ठरवला : स्वतःची मोटार कामाला वापरली तर वर्षातल्या पहिल्या दहा हजार मैलांना मैली ४५ पेन्स, पुढं २५. मोटारसायकलीला २४, सायकलीला २०. सोबत त्याच कामाला निघालेला सहकारी बसवला तर त्याच्यामागं आणखी ५. घर ते कचेरी हा रोजचा रस्ता मात्र धरत नाहीत. आणि नोंद तिथंही ठेवावीच लागते, दर ठरला म्हणून वही सुटत नाही. आमच्याकडं एका जीपमधून पाच संचालक लातूरला गेले तर पाच गाड्यांची बिलं येतात. पाच पेन्सासाठी सहकारी दाखवायचा कुणी?

पण खोटी वही हे दुखणं नव्हे, ती नुसती सूज. दुखणं वेगळंच आहे : आम्हाला मागायची लाज वाटते.

उत्पादक कंपनीच्या कायद्यात सोय स्वच्छ आहे. संचालकांनी बैठकीला येण्याचा भत्ता किती घ्यायचा, ते सभासदांनी सर्वसाधारण सभेत ठरवायचं. आमच्या सभेत हा विषय येतो तेव्हा अध्यक्षांचा आवाज एकदम देवळातल्यासारखा होतो. विषय क्रमांक सात पुटपुटला जातो आणि कुणीतरी मोठ्या मनानं म्हणतो, "आपलीच कंपनी हाय, भत्ता कशाला?" टाळ्या. त्याग मंजूर. मग तोच त्याग वर्षभर 'किरकोळ' या खात्यात जमा होतो. थोडा बारदान्यात, थोडा हमालीत, थोडा चहापानात. आमच्या ताळेबंदात सगळ्यात धष्टपुष्ट काही असेल तर ते किरकोळ. आणि जो मोटारसायकलवर खरोखर पळतो आणि कुठंच काही लिहीत नाही, तो तिसऱ्या वर्षी राजीनामा देऊन शेतात निघून जातो. राहतात ते लिहिणारे.

मागच्या सभेत एक म्हातारा सभासद सतरंजीवरून उठला. म्हणाला, "तुमच्या गाडीचं ऱ्हाऊ द्या. आम्ही टमटमनं माल आणतो, त्याचं भाडं कोण देतंय ओ?" खुर्चीवरचे सगळे आपापल्या मोबाइलात काहीतरी शोधू लागले. प्रश्न बरोबर होता. ज्या फळ्यावर रोज सोयाबीनचा भाव लिहितो, त्याच फळ्यावर लिहून टाकावं : संचालकाला किलोमीटरला इतके, सभासदाच्या टमटमला पोत्यामागं इतके. मग लाजही नको आणि किरकोळही नको.

यंदा जानेवारीत उजेडला गेलो. आमच्याच तालुक्यातलं गाव, कागदोपत्री हिसामाबाद. तिथली यात्रा कुठल्या देवाची नव्हे, महात्मा गांधींची. लोक गांधीबाबा म्हणतात. हा बाबा १८८८ ला बॅरिस्टरीसाठी लंडनला गेला, तेव्हा बसभाड्याचा पै-पैसाही लिहून ठेवायचा आणि रोज झोपण्याआधी जमाखर्चाचा मेळ घालायचा. पुढं तर भाडं वाचवायला पायीच हिंडू लागला, दिवसाला आठ-दहा मैल. पायी चालण्याला साहेबानं अजून दर ठरवलेला नाही.

यात्रेहून परतताना एका सभासदाच्या रानात थांबलो, नव्या तुरीचा नमुना खिशात टाकला. रात्री वही उघडली. हल्ली रोज उघडतो, पेन एकच आहे. 'उजेड, तुरीचा नमुना' असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. नमुना मूठभर होता. जिलेबी अर्धा किलो.

ती ओळ कोरी ठेवली.